सातची सभा

निवृत्त माणसाच्या हाती रिकामा वेळ आणि शिक्का या दोन गोष्टी एकदम पडू नयेत. स्पास करादिमोव यांच्या हाती त्या पडल्या होत्या. न्यायालयाच्या दप्तरखान्यात चौतीस वर्षं काढून ते घरी बसले तेव्हा चौदा नंबरच्या ब्लॉकमधल्या 'ब' जिन्याचे व्यवस्थापक ते आधीपासूनच होते. आमच्या डॅन्यूबकाठच्या गावात स्वतः होऊन जिन्याचा व्यवस्थापक होणारा माणूस एक तर नवखा असतो, नाही तर त्याच्या डोक्यावर परिणाम झालेला असतो. दिवा गेला की शिव्या त्याला, लिफ्ट अडकली की शिव्या त्याला, आणि दोन्ही सुरळीत चालू असतील तर हा मनुष्य दिवसभर करतो काय म्हणून पुन्हा त्यालाच. स्पासकाकांनी हे काम एकोणीस वर्षं सांभाळलं, कारण त्यात एक गोल शिक्का होता.

शिवाय त्यात वार्षिक सभा होती. कायदा असा, की सभेला जिन्यातल्या अठरापैकी बारा घरं तरी हजर हवीत. तेवढी नसतील तर एक तास थांबायचं आणि मग जे कोण येतील त्यांच्यावर सभा उरकायची. त्यामुळे सभा सातला लागते आणि आठला भरते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. सातला जाऊन बसणारा मूर्ख. काका मात्र बरोबर सातला तळमजल्यावर टपालपेट्यांखाली घडीचं टेबल मांडून, इतिवृत्ताची वही उघडून एकटेच बसत. 'उपस्थिती अपुरी, सभा एक तास तहकूब' हे वाक्य त्यांनी एकोणीस वेळा सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं. वरून कुणीतरी कठड्यावरून डोकावून आठ वाजले का म्हणून विचारी. ते नाही म्हणत, आणि वरचं दार लागे. त्या तासात त्यांना काय वाटत असेल, हे कुणी विचारलं नाही. वाईट वाटे.

ही सगळी भानगड सुरू झाली एका जिरेनियमच्या कुंडीवरून. मागच्या अंगणात पोरं बॉल खेळायची. ऑगस्टच्या शेवटी एक बॉल काकांच्या खिडकीत आला आणि कुंडी खाली गेली. अंगणात 'बॉल खेळण्यास सक्त मनाई' अशी पाटी होती, तीही खांबावर स्क्रूने पक्की बसवलेली. काकांनी गोलकीपर क्रूमला बोलावलं. हा तिसऱ्या मजल्यावरच्या इंजिनियर म्लादेनचा पंधरा वर्षांचा मुलगा. कायदा कळतो का तुला, असं त्यांनी दरडावून विचारलं. पोरगं खरोखरच विचारात पडलं आणि म्हणालं, "नाही काका. आम्हाला कुणी शिकवलाच नाही."

काका वर गेले, चहा ठेवला, आणि चहा उकळेपर्यंत त्यांचा बेत पक्का झाला होता. तरुणांसाठी कायद्याचे वर्ग. दर शुक्रवारी सहा वाजता, गावच्या वाचनालयात, एकूण सहा व्याख्यानं. मुलांना आपले हक्क आणि कर्तव्यं कळतील, यातला कर्तव्यांवर भर असेल, आणि कुंड्या वाचतील.

बातमी लिफ्टपेक्षा लवकर वर गेली. तळमजल्याच्या खिडकीत कोपर टेकून बसलेल्या गिन्काबाईंनी सल्ला दिला की आधी पोरांना सूर्यफुलाच्या बियांची टरफलं जिन्यात थुंकू नका एवढं शिकवा, बाकीचा कायदा आपोआप येईल. पाचव्या मजल्यावरच्या त्सोन्काआजी म्हणाल्या, चीजचे थर घालून भाजलेली बानित्सा ठेवल्याशिवाय एक पोर फिरकणार नाही. म्लादेनने गाडी पुसता पुसता विचारलं, "पण काका, तुम्ही कोर्टात फायली उचलायला होता ना?" त्यांनी फायली उचलल्या होत्या हे खरं, पण वाचूनही ठेवल्या होत्या.

वाचनालयाच्या सचिव देस्पिनाबाईंनी खोली आनंदाने देऊ केली आणि मग चष्मा लावला. लहान मुलांशी संबंध येतो तेव्हा गुन्हा नसल्याचा दाखला लागेल. हा दाखला न्यायालयात दुसऱ्या खिडकीवर मिळतो हे काकांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्या खिडकीच्या आत ते अकरा वर्षं बसले होते. आता ते बाहेर उभे राहिले. आतल्या तरुणीने, जिला त्यांनीच शिक्का कसा मारायचा ते शिकवलं होतं, दाखला कशासाठी हवा असं विचारलं. मुलांसाठी, असं काकांनी म्हणताच तिने मान वर करून त्यांच्याकडे असं काही पाहिलं की मागची रांग दोन पावलं सरकली. मग ओळखपत्राची प्रत हवी झाली. प्रत काढायचं यंत्र बंद होतं. ते तसं बंद आहे अशी चिठ्ठी काकांच्याच अक्षरातली होती, निवृत्तीच्या आदल्या वर्षीची.

दाखला आला तर देस्पिनाबाईंना पालकांची संमती हवी झाली. इथे मात्र काका खुलले. बाजारात मिळणारे संमतीचे नमुने त्यांना भोंगळ वाटत, शंभर पळवाटा ठेवणारे. त्यांनी तीन दिवस बसून स्वतःचा मसुदा केला: "माझे पाल्य कायद्याच्या अभ्यासाच्या अनुषंगाने जेथे जेथे हजर राहील, बोलेल, मत देईल व सही करील, त्या सर्वांस माझी पूर्ण संमती असून ती वर्षअखेरपर्यंत लागू राहील." यात एक भोक काढून दाखवा, असं ते दारोदार सांगत फिरले. लोक त्या वेळी बाल्कनीत लाल मिरच्या भाजत होते, हात मिरच्यांनी माखलेले, डोळ्यांत धूर. वाचलं कुणीच नाही. काही कागदांवर सहीबरोबर तेलाचे अंगठेही उठले. म्लादेनने तर लिफ्टच्या दारावर कागद टेकवून, फोन खांद्यात धरून सही ठोकली.

पहिल्या शुक्रवारी एक मुलगा आला. तो बुद्धिबळाच्या वर्गाचा निघाला. दुसऱ्या शुक्रवारी काकांनी हट्ट सोडून बानित्सा ठेवली आणि सात मुलं आली. काकांनी रोमन कायद्यापासून सुरुवात केली. सम्राटापर्यंत पोचेतो बानित्सा संपली आणि क्रूम झोपला.

वर्ग तिथेच संपायचा, पण त्सोन्काआजींची नात रालित्सा उठून उभी राहिली. सोळा वर्षांची, बारीक चणीची, आणि प्रश्न विचारताना पापणी न हलवणारी. तिचं म्हणणं असं, की बसच्या तिकीट तपासनिसाने तिचा विद्यार्थी पास हिसकावून घेतला, फोटोतले केस लांब आहेत आणि आता आखूड आहेत म्हणून. त्याला तसं करता येतं का? रोमन लोकांचं यावर काय मत होतं ते काकांना माहीत नव्हतं. आमचं काय आहे हेही नव्हतं, पण तसं ते बोलले नाहीत. शनिवार-रविवार त्यांनी जुनी नियमावली उलथीपालथी केली, आणि सोमवारी दोघांनी मिळून एक अर्ज लिहिला. त्याच आठवड्यात पास टपालाने परत आला, सोबत दिलगिरीचं पत्र, सही-शिक्क्यासह. ते पत्र वर्गात हातोहात फिरलं. शिक्क्यावरून प्रत्येकाने बोट फिरवून पाहिलं. काका खिडकीकडे तोंड करून बराच वेळ नाक पुसत होते.

त्यानंतर वर्गाला बानित्सा लागेना. मुलं प्रश्न घेऊन यायची. दुकानदाराला आपली पिशवी तपासता येते का, शाळेने जप्त केलेला फोन सुट्टीभर ठेवता येतो का. काका इतके रंगात आले की चौथ्या शुक्रवारी त्यांनी घरचा अभ्यास दिला: मालमत्तेच्या नोंदवहीत जाऊन बघा, तुम्ही राहता ते घर कुणाच्या नावावर आहे. उद्देश एवढाच, की मुलांना खिडकीवर उभं राहायची सवय व्हावी.

आमच्याकडच्या आज्यांची एक रीत आहे. मुलगा आणि सून, मुलगी आणि जावई आपल्यामागे भांडतील या भीतीने त्या जिवंतपणीच घर गुपचूप नातवाच्या नावे करून टाकतात, कागद मेणकापडाखाली ठेवतात आणि कुणाला काही बोलत नाहीत. हे सगळ्यांना माहीत असतं, आणि आपल्या घरात तसं झालेलं नाही याची प्रत्येकाला खात्री असते. पाचव्या शुक्रवारी रालित्साने उतारे टेबलावर मांडले. 'ब' जिन्यातली अठरापैकी सहा घरं पोरांच्या मालकीची होती.

त्या संध्याकाळी जिन्यात कल्लोळ झाला. क्रूमने घरी गेल्यावर वडिलांना शांतपणे सांगितलं की माझ्या टेबलावरचे पाय खाली घ्या. म्लादेन पाय खाली घेऊन थेट काकांच्या दारात आला. त्याच्या मागे आणखी चार बाप आणि एक आई. तुम्ही पोरांना बिघडवता, असं सगळ्यांचं एकमत होतं. उद्या ही पोरं आम्हाला भाडं मागतील. गिन्काबाई खालून ओरडून म्हणाल्या की मी आधीच टरफलांचं सांगत होते. काकांनी कायदा सगळ्यांना सारखा वगैरे म्हणून पाहिलं, पण म्लादेन ते ऐकायला थांबला नाही. तो म्हणाला, "कागदावर काही का असेना. घरात चालतं ते माझंच. तुम्ही फायली उचला."

आता काका दुखावलेले होते, आणि दुखावलेला माणूस बलवान पक्षाकडे सरकतो. म्लादेनची जुनी मागणी होती की मागच्या अंगणात डांबर टाकून गाड्या लावायची सोय करावी. त्याच्याच दोन गाड्या होत्या. काकांकडे सायकलही नव्हती, पण त्यांनी तो विषय वार्षिक सभेच्या पत्रिकेवर घेतला. मनाशी म्हणाले, डांबर झालं की बॉलही जाईल आणि पोरांचे प्रश्नही. सात दिवस आधी नोटीस लावली, शिक्का मारला. सोमवार, सायंकाळी सात.

सहाव्या आणि शेवटच्या शुक्रवारी मुलं आली. नोटीस सगळ्यांनी वाचली होती. रालित्साने एकच विचारलं: अंगणातली मनाईची पाटी कुठल्या सभेच्या ठरावाने लागली? काका म्हणाले, वहीत बघून सांगतो. घरी येऊन त्यांनी वही पहिल्या पानापासून चाळली. असा ठरावच नव्हता. दहा वर्षांपूर्वी आधीची कुंडी फुटली तेव्हा रागाच्या भरात त्यांनी स्वतःच ती पाटी रंगवली होती. चौतीस वर्षं दुसऱ्यांचे कागद तपासलेल्या माणसाला त्या रात्री जेवण गेलं नाही.

सोमवारी सातला पाच कमी असताना ते टेबल घेऊन खाली आले. वरून मिरच्यांचा वास येत होता. हंगामातला शेवटचा हप्ता, घरोघर भाजलेल्या मिरच्यांची चटणी, ल्युतेनित्सा, शिजत होती, आठशिवाय कुणी हलणार नव्हतं. त्यांनी वही उघडली आणि सवयीने 'उपस्थिती' हा शब्द लिहिला. पुढचा 'अपुरी' लिहायला पेन टेकवलं, तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली.

सातही मुलं खाली आली, केस विंचरून. सहाजणांच्या हातात आपापल्या घराचा उतारा. रालित्साच्या आणि उतारा नसलेल्या सातव्या मुलीच्या हातात मिळून पाच अधिकारपत्रं, घर अजून स्वतःच्याच नावावर असलेल्या जिन्यातल्या पाच आज्यांची. प्रत्येकीने चष्मा लावून सही केली होती, कारण अंगणात डांबर आलं तर मिरच्या धुवायच्या कुठे हा प्रश्न आज्यांचाही होता. आणि प्रत्येक मुलाने टेबलावर एकेक संमतीपत्र ठेवलं, काहींवर तेलाचे अंगठे तसेच.

काकांनी पहिलं पत्र उचललं. हजर राहील, बोलेल, मत देईल व सही करील. त्यांनी ते दोनदा वाचलं. भोक नव्हतं.

"अकरा घरं झाली," ते म्हणाले. "बारा लागतात."

"बारावं तुमचं, काका," रालित्सा म्हणाली.

हिशेब साधा होता. ते वही मिटून वर निघून गेले, तर सभा आठपर्यंत तहकूब. आठला आईबाप उतरणार, संमती काढून घेणार, आज्यांच्या शेजारी मुलगे येऊन उभे राहणार आणि अधिकारपत्रं हवेत जाणार. डांबर पडणार. त्यासाठी काकांना बोलायचंही नव्हतं. दहा पायऱ्या चढून जायचं होतं.

रालित्सालाही ते कळलं होतं. ती म्हणाली, "तुम्ही बसू शकता किंवा जाऊ शकता. कायद्यात दोन्हीची मुभा आहे. मी बघितलंय."

काका उठले. मुलांनी वाट सोडली. क्रूमने तर बॉल काखेत घट्ट धरला, जणू निकाल लागलाच. काका पहिल्या पायरीपर्यंत गेले आणि तिथे थांबून मागे बघत राहिले. टपालपेट्यांखाली, त्या पिवळ्या दिव्यात, सात वाजता, त्यांच्या टेबलाभोवती माणसं उभी होती. खरीखुरी, कागदपत्रांसह, वेळेवर. एकोणीस वर्षं हे दृश्य बघायला ते इथे बसले होते, आणि ते बघायला मिळालं तेव्हा नेमकं त्यांच्या विरोधात होतं. त्यांना राग आला आणि हसूही आलं.

ते परत येऊन खुर्चीवर बसले. चष्मा पुसला आणि 'उपस्थिती' या शब्दापुढे लिहिलं: 'पुरेशी'. हा शब्द या वहीत पहिल्यांदाच येत होता, म्हणून त्यांनी तो जरा मोठ्या अक्षरात काढला.

डांबराचा विषय मताला टाकला. विरोधात अकरा. बाजूने एक, तो काकांचा. पत्रिकेवर आपणच घेतलेला विषय निराधार सोडणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. मग त्यांनी घसा साफ केला आणि व्यवस्थापकाचं निवेदन म्हणून वहीत नोंदवलं की अंगणातली पाटी कोणत्याही ठरावाविना लावण्यात आली होती, सबब ती व्यवस्थापक स्वतः काढतील. मुलांपैकी कुणी हसलं नाही. क्रूमने खिशातून स्क्रूड्रायव्हर काढून टेबलावर ठेवला, तो त्याने आधीच आणला होता. सात वाजून बावीस मिनिटांनी सभा संपली.

आठला जिना वरपासून खालपर्यंत वाजू लागला. म्लादेन डांबराचा नकाशा गुंडाळून सगळ्यांच्या पुढे होता. काका टेबलाशी बसले होते, शेजारी पाटी उलटी टेकवलेली. मुलं पायऱ्यांवर ओळीने बसली होती.

"सभा झाली," काका म्हणाले.

"कधी?"

"सातला."

"सातला कोण येतं?"

"मालक," काका म्हणाले आणि वही फिरवून त्याच्यापुढे केली.

म्लादेनने वाचलं. मग आपलीच सही असलेलं संमतीपत्र वाचलं, पहिल्यांदाच. त्याचा चेहरा मिरचीच्या रंगाला आला. मागे एकजण दुसऱ्याला तू वाचलं होतंस का म्हणून विचारू लागला. गिन्काबाई खिडकीतून म्हणाल्या की मला सगळं आधीच दिसत होतं, पण मला कोण विचारतं. आज्या मात्र कुठेच दिसेनात. त्या दिवशी पाचही आज्यांना सर्दी झाली होती.

"मी कोर्टात जातो," म्लादेन म्हणाला. "हा ठराव रद्द करून आणतो. फायली उचलणारा माणूस मला कायदा शिकवणार?"

"जरूर जा," काका म्हणाले. त्यांचा आवाज अगदी दुसऱ्या खिडकीवरचा झाला, अकरा वर्षं होता तसा. "तीस दिवसांची मुदत आहे. नमुना मी देतो. फक्त अर्ज घराच्या मालकाच्या सहीने करायचा असतो. तुमचे मालक तिथे पायरीवर बसलेत, त्यांना विचारा."

सगळे क्रूमकडे बघू लागले. क्रूम सूर्यफुलाच्या बिया खात होता आणि टरफलं, गिन्काबाई साक्षीला होत्या, मुठीत धरत होता. त्याने जरा विचार केला.

"काका, मी अजून लहान आहे. मला सही करायला कुणाची संमती लागेल?"

"वडिलांची."

"आणि बाबांना कोर्टात जायला?"

"तुझी."

बापाने मुलाकडे पाहिलं आणि मुलाने बापाकडे. शेवटी म्लादेनने नकाशा पायरीवर ठेवला, त्यावरच बसला आणि मुलापुढे हात केला. क्रूमने त्यात थोड्या बिया टाकल्या. काकांनी वही मिटली, शिक्का खिशात घातला आणि स्क्रू काढताना गंजाने माखलेला अंगठा रुमालाला पुसून सगळ्यांना सांगितलं की पुढच्या वर्षीची सभाही सातलाच आहे.